आधी जागेवर जाऊन बसा

शिल्पकला शिकून बाहेर पडलेली मुलं भेटायला येतात तेव्हा बहुतेकांकडे कल्पना तयार असते आणि ती उभी करायला जागा हवी असते. सार्वजनिक जागेतल्या इन्स्टॉलेशनला, म्हणजे त्या जागेसाठीच उभारलेल्या कलाकृतीला, हा क्रम चालत नाही. आधी जागा, मग कल्पना.

शांतिनिकेतनात शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ साली केलेलं ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प एकदा तरी पाहून या. सिमेंट आणि जांभ्याची खडी यांतून उभं केलेलं, उघड्यावरचं काम. विद्यार्थिनी असताना मी त्याच्यासमोर उभी होते तेव्हा पायाखालची तांबडी जमीनच उठून चालायला लागल्यासारखी वाटली होती. ते काम दुसरीकडे नेऊन ठेवलं असतं तर निम्मं मुकं झालं असतं.

माझं पहिलं स्वतंत्र काम सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी स्टँडवर झालं. ऑक्टोबरच्या उन्हात नऊ दिवस, सकाळी सातपासून मुक्कामाची गाडी लागेपर्यंत, मी तिथं नुसती बसून होते. चित्र एकही काढलं नाही, फक्त नोंदी केल्या. आवारात पाण्याची उंच टाकी आहे. शेडमधली बाकडी भरली की माणसं टाकीच्या सावलीत बसायची. सावली सरकली की पिशव्या उचलून अख्खी रांग सरकायची, कुणी कुणाला न सांगता. चौथ्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं आणि काम तिथंच सापडलं. टाकीची सावली जिथं संपते तिथून पुढं कापडाची सावली सुरू व्हावी, म्हणून सहा खांबांवर गेरूत रंगवलेले मांजरपाटाचे तिरके पट्टे ताणायचे.

उभारणी मात्र एप्रिलमध्ये होती आणि ऑक्टोबरात मोजलेली सावली एप्रिलात लागू पडत नाही. सूर्य डोक्यावर येत जातो. त्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली बाजूला पडतच नाही. सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. काम ज्या महिन्यात उभं राहणार, त्या महिन्याचं ऊन, वारा आणि गर्दी धरूनच आखणी करा.

उभारणीच्या दुसऱ्या दिवशी एक आजी कापडाखाली येऊन बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, “बाळा, सावली ग्वाड हाय, पण यष्टी तिकडं लागती. लागली तर दिसायची कशी?” खरंच होतं. त्यांच्या शेजारी बसले तेव्हा कळलं की खालच्या पट्ट्यानं फलाटावरच्या गाडीची पाटी झाकली जात होती. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची मी धरलीच नव्हती. तो पट्टा दीड फूट वर घेतला. माझ्या शिक्षणातल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा ती सूचना मला मोलाची वाटते.

परवानग्यांसाठी चार महिने हाताशी ठेवा. जागेचा मालक कोण, हे आधी कागदावर पाहा. आवार एकाचं, रस्ता दुसऱ्याचा, विजेचा खांब तिसऱ्याचा असतो. अर्ज साध्या मराठीत लिहा, जागेच्या फोटोवर माप टाकून रेखाटन जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मुंबईत काळा घोड्यासारख्या वारसा परिसरात जमिनीला भोक पाडायची सोय नसते. तिथं खांब वजनावर उभे करायचे, वाळूची पोती किंवा काँक्रीटचे ठोकळे लावून.

आता वारा. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण नवखी मंडळी इथंच चुकतात. मीही चुकले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईसाठी ४४. साधा हिशेब केला तर ३९ला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलोचा दाब येतो. माझा एकेक पट्टा १८ चौरस मीटरचा होता, म्हणजे एका पट्ट्यावर दीड टनाहून जास्त. खांबांचं गणित मी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेतलं होतं, पण कापड नंतर मोठं केलं आणि त्याला पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी वळीव आला. दोन पट्टे उभे फाटले, एक खांब वाकला. खाली त्या वेळी कुणी नव्हतं. ती रात्र मी आजही विसरलेले नाही.

सकाळी गावातले मंडपवाले काका आले. पट्ट्यांच्या चारही टोकांना मी जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, आणि ती ताणायचे आट्याचे टर्नबकल लावले होते. त्यांनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “आधी काय तुटायचं ते आपण ठरवायचं.” त्यांनी प्रत्येक पट्ट्याची एक बाजू सोडवून सुतळीनं बांधली. वारा वाढला की सुतळी तुटते, कापड मोकळं फडफडतं, खांबावरचा ताण उतरतो. इंजिनिअरनं ते तपासलं, सुतळीचे पदर ठरवून दिले. मेमध्ये पुन्हा वादळ आलं तेव्हा चार सुतळ्या तुटल्या, बाकी सगळं जागेवर होतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. कोटेशनमध्ये स्वतःचं मानधन वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर लोखंड, टेम्पो आणि हायड्रा क्रेन ते खाऊन टाकतात. काम उतरवण्याचा खर्चही पहिल्याच दिवशी मांडा. सुरुवातीच्या वर्षांत केवळ यावर घर चालत नाही. मी आठवड्यातले तीन दिवस शाळेत चित्रकला शिकवत होते.

जून लागायच्या आत काम उतरवलं. खांबांचे खड्डे बुजवून वर पूर्वीसारखी खडी पसरली, जागा परत दिल्याची सही घेतली. धड राहिलेले दोन पट्टे स्टँडबाहेरच्या रसवंतीवाल्यानं मागून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा ते त्याच्या दुकानापुढं ताणलेले होते, एका बाजूनं तारेनं आणि दुसऱ्या बाजूनं सुतळीनं.