दुकानाचा लेआउट शिकताना: वाकून बघितल्याशिवाय माप कळत नाही

माझा पहिला लेआउट कागदावर फार देखणा होता. रॅकच्या सरळ रांगा, दोन रांगांत बरोबर ९० सेंटिमीटर, कुठे वीतभर जागा वाया नाही. दुकान सुरू झाल्यावर एकदा तिथे तासभर नुसती उभी राहिले. एक बाई खालच्या फळीवरचा डबा बघायला वाकल्या. मागून जाणाऱ्याचा धक्का लागला तशा उठल्या, आणि डबा तिथेच ठेवून पुढे गेल्या. तासाभरात असं तीनदा झालं. ९० सेंटिमीटरमधून माणूस आरामात चालतो, पण वाकलेल्या माणसाच्या मागून दुसरा जाऊ शकत नाही. त्यात एका बाजूला मी हौसेने ड्रॉवर दिले होते!

तेव्हापासून ड्रॉइंग पक्कं करायच्या आधी मी रिकाम्या जागेत मास्किंग टेपने रॅक आखते, त्यावर खोकी रचते आणि कुणाला तरी सोबत घेऊन तिथे चालते, वाकते, वळते. जिथे दोघं समोरासमोर येणार तिथे किमान १२० सेंटिमीटर, मुख्य वाटेला १५०. व्हीलचेअर जागच्या जागी वळायलाही साधारण १५०चंच वर्तुळ लागतं, त्यामुळे या मापावर मी सहसा मागे हटत नाही.

ग्रिड (रॅकच्या सरळ समांतर रांगा), लूप (दुकानभर फिरवून आणणारी एकच वाट) आणि फ्री फ्लो (ठरावीक वाट नसलेली मोकळी मांडणी) हे लेआउटचे प्रकार कुठल्याही कोर्समध्ये शिकवतात. काय घ्यायचं ते ठरवून येणाऱ्यांसाठी ग्रिड, सगळं दुकान फिरवायचं असेल तर लूप, रेंगाळत बघायच्या मालाला फ्री फ्लो. प्रत्यक्षात बहुतेक दुकानांत या तिन्हींची खिचडीच असते. मला जास्त उपयोग झाला तो इतिहासाचा. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे सेल्फ सर्व्हिस दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं. त्याआधी काउंटरमागचा माणूस माल काढून द्यायचा. सॉन्डर्स यांच्या आराखड्यात आत शिरलेला ग्राहक एकाच वाटेने सगळ्या रॅकांसमोरून फिरून पैसे द्यायच्या जागी पोचत होता. मालापर्यंत न्यायचं काम तिथे वाटेकडे आलं. वाटेला इतका जीव का लावायचा, हे मला तेव्हा पटलं.

नवीन असाल तर आधी मालाची यादी मागा: काय, केवढं, किती. जागेचे फोटो नंतर बघा. दारातून आत आल्यावरची पहिली दोन-चार पावलं मोकळी सोडा. माणूस तेव्हा फक्त अंदाज घेत असतो, तिथे ठेवलेला माल बघितलाच जात नाही. मधले रॅक १४० सेंटिमीटरच्या आत ठेवले तर मागची भिंत दिसते आणि लोक तिथवर जातात. बिलिंगच्या खुर्चीत स्वतः बसून दार दिसतंय का ते बघा. आणि आपत्कालीन दारासमोर ‘तात्पुरतं’ काही ठेवू देऊ नका, ते तात्पुरतं कधीच नसतं.

मालकांचा एक प्रश्न ठरलेला: “अजून एक रांग बसेल ना?” पूर्वी मी वाद घालायचे. आता टेप आणि खोकी घेऊन ती रांग खरोखर बसवून दाखवते, त्यांना खालचं खोकं उचलायला सांगते आणि ते वाकले की मागून जायला निघते.