टास्क अडकलंय की हळू चाललंय? अबॉर्ट दाबण्याआधी या चुका टाळा

बॉइंक (BOINC) या प्रोग्रॅममधून आपला संगणक संशोधकांसाठी आकडेमोड करतो; त्या कामाच्या एकेका तुकड्याला टास्क म्हणतात. त्यातल्या आइन्स्टाइन ॲट होम या प्रोजेक्टचं गॅमा-किरण पल्सार (ठरावीक लयीत किरणांचे झोत पाठवणारे तारे) शोधणारं टास्क भराभर पुढे सरकतं आणि ९० टक्क्यांच्या तोंडाशी येऊन थांबतं. घड्याळ पुढे जातं, टक्के जागचे हलत नाहीत. नव्या माणसाचा हात इथेच अबॉर्टकडे, म्हणजे टास्क रद्द करण्याच्या बटणाकडे, जातो. माझाही गेला होता. प्रत्यक्षात तेव्हा सापडलेल्या संभाव्य सिग्नलांपैकी निवडक सिग्नल जास्त अचूकतेनं पुन्हा तपासले जात असतात. तो टप्पा संपला की आकडा एकदम १०० वर जातो.

टक्क्यांवर विसंबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काही ॲप्स टक्के कळवतच नाहीत. मग बॉइंक आपल्या अंदाजानं आकडा दाखवतं आणि १०० जवळ आलं की तो आकडा मुंगीच्या पावलानं सरकतो. ‘उरलेला वेळ’ हाही अंदाजच. नवा प्रोजेक्ट जोडला असेल तर पहिली काही टास्कं पूर्ण होईपर्यंत त्याकडे लक्ष देऊ नका.

बघायचा तो सीपीयू टाइम, म्हणजे प्रोसेसरनं त्या टास्कवर खर्च केलेला वेळ. चेकपॉइंट म्हणजे टास्क आपलं झालेलं काम डिस्कवर जतन करतं तो टप्पा. बॉइंकच्या ॲडव्हान्स्ड व्ह्यूमध्ये टास्क निवडा, प्रॉपर्टीज उघडा, ‘सीपीयू टाइम’ आणि ‘चेकपॉइंटनंतरचा सीपीयू टाइम’ हे दोन आकडे कागदावर टिपा. खिडकी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा उघडा. पहिला आकडा साधारण आठ-नऊ मिनिटांनी वाढला असेल तर टास्क जिवंत आहे, त्याला हात लावू नका. दुसरा आकडा मधूनच शून्याजवळ आला तर आणखी चांगलं, कारण तेवढं काम डिस्कवर जतन झालं. ग्राफिक्स कार्डावरच्या टास्कांना मात्र हा हिशोब लावू नका. तिथे सीपीयू थोडाच वापरला जाऊ शकतो, म्हणून कार्डावरचा भार बघा.

दुसरी चूक चेकपॉइंटच्या आधीच मशीन बंद करण्याची. क्लायमेटप्रेडिक्शन या प्रोजेक्टची हवामान मॉडेलं कित्येक दिवस चालतात. दर वेळी अध्येमध्ये वीज गेली किंवा रात्री पीसी बंद केला की काम मागच्या चेकपॉइंटवर जातं, आणि आपल्याला वाटतं टास्क अडकलंय. पीसी बंद करण्याआधी ‘चेकपॉइंटनंतरचा सीपीयू टाइम’ पाहायची सवय लावा.

स्टेटसमध्ये ‘वेटिंग फॉर मेमरी’ किंवा ‘सस्पेंडेड’ दिसत असेल तर दोष टास्कचा नाही, आपल्या सेटिंग्जचा किंवा रॅमचा आहे.

स्टेटस ‘रनिंग’ असूनही तासभर सीपीयू टाइम तसूभर हलला नाही, तर मात्र टास्क खरंच अडकलंय. तरी लगेच अबॉर्ट नको. बॉइंक पूर्ण बंद करा (नुसती खिडकी बंद केल्यानं मागचं काम थांबत नाही), मग पुन्हा सुरू करा. टास्क शेवटच्या चेकपॉइंटपासून उचललं जाईल. पुन्हा त्याच जागी थांबलं तर खुशाल अबॉर्ट करा. सर्व्हर तेच काम दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाला पाठवतो. अडकलेलं टास्क डेडलाइनपर्यंत तसंच धरून ठेवलं, तर पलीकडचे संशोधक तितके दिवस त्याची वाट बघत राहतात.