अ‍ॅडब्लॉकरचं बीटा टेस्टिंग करायचंय? आधी दोष कुणाचा ते ओळखायला शिका

डेस्कटॉपवरच्या अ‍ॅडब्लॉकरची बीटा व्हर्जन्स, म्हणजे सगळ्यांसाठी पक्की व्हायच्या आधीची चाचणीची व्हर्जन्स, मी बरीच वर्षं वापरतोय, कॉलेजात टाइमपास म्हणून चालू केलं आणि आता टेस्टिंगचीच नोकरी आहे तरी ते सुटलं नाही. ऑफिसातली नवीन पोरं विचारतात, दादा कसं सुरू करायचं आणि पैसे मिळतात का. पैसे मिळत नाहीत असंच धरून चाला. शिकायला भरपूर मिळतं, आणि कोडिंग आलंच पाहिजे असंही काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅडब्लॉकरमध्ये प्रोग्राम वेगळा आणि फिल्टर लिस्ट वेगळी. कुठली रिक्वेस्ट (पान बाहेरून जे काही मागवतं ते) अडवायची, पानावरचा कुठला भाग लपवायचा हे सगळं इझीलिस्टसारख्या लिस्टमध्ये लिहिलेलं असतं, प्रोग्राम ते नियम वाचून पाळतो. बीटा येतो तो प्रोग्रामचा. लिस्ट तुम्ही स्टेबल (सगळ्यांना मिळणारं पक्कं व्हर्जन) वापरा नाहीतर बीटा, तिची ती अपडेट होत राहते. आता नवखा टेस्टर काय करतो, बीटा टाकतो, यूट्यूबवर जाहिरात दिसते की लगेच रिपोर्ट, "नवीन व्हर्जन चालत नाही". अरे बाबा, 2023 पासून यूट्यूब अ‍ॅडब्लॉकरवाल्यांच्या हात धुवून मागे लागलंय, तिकडे काही बदललं की इकडे लिस्टमधले नियम बदलावे लागतात, त्यात बीटाचा बहुतेक वेळा काही संबंधच नसतो. यूब्लॉक ओरिजिन या ब्राउझरमधल्या ब्लॉकरवाल्यांनी तर म्हणूनच गिटहब या कोडच्या साइटवर तक्रारी नोंदवायचे दोन वेगळे ट्रॅकर ठेवलेत, प्रोग्रामच्या बगसाठी एक आणि लिस्टच्या तक्रारींसाठी यूअ‍ॅसेट्स. चुकीच्या ठिकाणी टाकलात की बंद करून टाकतात, राग मानायचा नाही.

मग ओळखायचं कसं? आधी अ‍ॅडब्लॉकर पूर्ण बंद करून तेच पान उघडा, कारण कधीकधी साइटच मोडलेली असते. मग बीटा चालू करून फक्त डिफॉल्ट लिस्ट ठेवा, तुम्ही हौसेने लावलेल्या जास्तीच्या लिस्ट आणि स्वतःचे नियम सगळे बंद. तरी प्रॉब्लेम आला तर त्याच लिस्ट ताज्या करून स्टेबल व्हर्जनवर बघा. दोन्हीकडे होत असेल तर दोष नवीन व्हर्जनचा नाही, लिस्टचा असेल किंवा जुनाच बग असेल. फक्त बीटावर होत असेल तर मात्र तुमच्या हाताला खरं काहीतरी लागलंय. हे करायला वेगळं ब्राउझर प्रोफाइल लागतं, त्यात दुसरं एकही एक्स्टेन्शन नको, दोन अ‍ॅडब्लॉकर एकत्र तर अजिबातच नको.

अ‍ॅडगार्डसारखा विंडोजवर टाकायचा प्रोग्राम टेस्ट करायचा असेल तर प्रकरण अजून खोल जातं. तो ब्राउझरच्या आत बसत नाही, विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकून अख्ख्या मशीनचं ट्रॅफिक गाळतो आणि एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद ट्रॅफिक, वाचता यावं म्हणून स्वतःचं रूट सर्टिफिकेट (मशीनने त्याच्यावर भरवसा ठेवावा असं ओळखपत्र) बसवतो. सेटिंगमध्ये रिलीज, बीटा आणि नाइटली (बीटापेक्षाही कच्चं) असे चॅनल मिळतात, नवीन माणसाने नाइटलीला हात लावू नये असं माझं मत. आणि ज्या मशीनवर नेटबँकिंग करता, घरच्यांचं काम चालतं, त्यावर तर बीटा पण नको. जुना लॅपटॉप काढा नाहीतर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर) करा. क्रोमवर साइट उघडते आणि फायरफॉक्सवर सर्टिफिकेटची एरर येते असं दिसलं तर दचकू नका, फायरफॉक्स स्वतःचा सर्टिफिकेटचा साठा वेगळा ठेवतो, शोध तिथूनच सुरू करायचा.

अशा प्रोग्राममध्ये खरे बग जाहिरातीत सापडतच नाहीत, ते सापडतात भांडणात. व्हीपीएनशी भांडण, अँटिव्हायरसशी भांडण, स्लीपमधून उठलेल्या विंडोजशी भांडण. एका बीटात (नाव नको) लॅपटॉप झोपेतून उठवला की कधीकधी नेटच जायचं. "कधीकधी" लिहून रिपोर्ट टाकला असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. बसून एकेक गोष्ट बंद-चालू करत गेलो तेव्हा कळलं की व्हीपीएन चालू ठेवून झाकण बंद केलं तरच होतंय, नुसतं झाकण बंद केलं तर नाही. मग ते पायरीपायरीने लिहिलं, विंडोजचं बिल्ड, प्रोग्रामचं पूर्ण व्हर्जन, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि सोबत डीबग लेव्हलचे लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची बारीक नोंद. लॉग उघड्यावर टाकू नका हां, त्यात तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते सगळं असतं, डेव्हलपरला खाजगीत पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. आणि काम झालं की डीबग लॉगिंग बंद करा, नाहीतर मशीन रडायला लागतं.

एक्स्टेन्शनवाल्यांसाठी थोडक्यात. 2024 पासून क्रोमने मॅनिफेस्ट व्ही 2 ची, म्हणजे जुन्या नियमांनी बनलेली, एक्स्टेन्शन्स बंद करायला घेतली, त्यामुळे यूब्लॉक ओरिजिनचे डेव्ह बिल्ड (चाचणीची कच्ची व्हर्जन्स) टेस्ट करायचे तर फायरफॉक्स घ्या. क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे, पण त्यात ब्लॉक करायचं काम ब्राउझरच नियमांच्या तक्त्यावरून करतो, म्हणून ओरिजिनमध्ये अडतं ते लाइटमध्ये का नाही असला रिपोर्ट टाकायच्या आधी त्याची मर्यादा वाचा. ओरिजिनमधला लॉगर मात्र आधी शिकून घ्या, कुठल्या नियमाने काय अडवलं ते समोर दिसतं, अर्धी डोकेफोड वाचते.

नोकरीला उपयोग होतो का, तर हो. इंटरव्ह्यूत मी कोर्सचं सर्टिफिकेट दाखवण्यापेक्षा माझ्या बग रिपोर्टच्या लिंक दाखवल्या आणि नंतरचा सगळा वेळ त्यावरच बोलणं झालं. पण नुसता "बीटा टेस्टर" शब्द रेझ्युमेत टाकून काही होत नाही, फिक्स झालेला एखादा बग दाखवता आला पाहिजे.

आणि मराठी येतंय त्याचा फायदा घ्या. परदेशातला डेव्हलपर मराठी बातम्यांच्या साइट उघडून बघत नाही, तिथे लपवलेल्या जाहिरातीच्या जागी पांढरी पोकळी राहते की मधला परिच्छेदच गायब होतो हे त्याला कळणार कुठून. भारतीय साइटसाठी इंडियनलिस्ट म्हणून वेगळी लिस्ट आहे. ती एकदा बंद आणि एकदा चालू ठेवून तुमच्या रोजच्या चारपाच मराठी साइट बीटावर फिरून या, रिपोर्टमध्ये दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट जोडा, आणि ती पोकळी जाहिरातीची होती का बातमीच्या फोटोची हे इंग्रजीत एका ओळीत सांगा, कारण वाचणाऱ्याला मराठी मजकूर कळणार नाहीये.