एक्झिमाची रात्रीची खाज, धास्ती आणि उडालेली झोप: शेवटी लागू पडलेला क्रम

लक्षण: दिवसा खाज सोसण्याजोगी, पण अंथरुणात ऊब धरली की कोपर-गुडघ्यांच्या लवणीत आग. मग ‘आजही झोप नाही’ ही धास्ती, आणि धास्तीने आणखी खाज.

सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीने फरक पडला नाही. ती हिस्टामिन (ॲलर्जीत शरीरात सुटणारं, खाज आणणारं रसायन) रोखते, आणि एक्झिमाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसतेच. कढत पाण्याच्या अंघोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटे, पण कातडी आणखी कोरडी पडली. वैताग आला.

जमलं ते असं. झोपण्याआधी दीड तास कोमट पाण्याची अंघोळ, 10 मिनिटांच्या आत, साबण फक्त काखा-जांघांना. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. लगेच डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम फक्त लाल चट्ट्यांवर: तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी मलम कमी लावणंच बहुधा नडतं. बाकीच्या दमट अंगाला तेव्हाच पेट्रोलियम जेली. चट्ट्यांवर ती 20 मिनिटांनी. सैल सुती कपडे, नखं कापलेली.

धास्तीसाठी संध्याकाळीच, पलंगापासून दूर, 15 मिनिटं काळज्या कागदावर उतरवायच्या. प्रत्येकीसमोर उद्याची एक कृती. अंथरुणात अंदाजे 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसायचं. खाजवण्याऐवजी गार ओल्या फडक्याची घडी. सकाळी उठण्याची वेळ रोज तीच, रात्र कशीही जावो. सुरुवातीला दिवसा पेंग वाढते (गाडी जपून), आणि नेमकं तेव्हाच हे सोडावंसं वाटतं.

चट्टे पाझरले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.