हौशी चर्मकामाची हत्यारे आणि कामाच्या सवयी

कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्ह्याचाही समावेश आहे. म्हणून या भागातील हौशी माणसाने महागडा परदेशी संच मागवण्यापूर्वी अथणी किंवा निपाणीकडच्या कारागिरांची हत्यारे पाहावीत. सुरुवातीला रापी (कातडे कापायचे पाते), आरी (भोके पाडायचे टोकदार हत्यार), पोलादी पट्टी, दोन बोथट सुया आणि मेण लावलेला जाड दोरा एवढे पुरते. नक्षीचे ठसे नंतर घेता येतात.

कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असावे. पट्ट्यासाठी 3 ते 4 मिलिमीटर जाडी योग्य ठरते, पाकिटाला त्याच्या निम्मीही चालते.

शिवणीची घाई करू नये. आधी रेघ आखून 4 मिलिमीटर अंतरावर आरीने भोके पाडावीत, शिवणीच्या चौपट लांबीचा दोरा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवाव्यात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढाव्यात. अशा शिवणीचा एखादा टाका तुटला तरी बाकीची शिवण सहसा उसवत नाही, आणि यंत्राच्या टाक्यापेक्षा ती मला म्हणूनच सरस वाटते.

बोथट रापी जोर लावल्यावर घसरते आणि बोट कापते, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी धार तपासावी. पावसाळ्यात कातडे प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता सुती कापडात, हवेशीर जागी ठेवावे, अन्यथा बुरशी धरते. ओलसर कातड्यावर लोखंडी हत्यार मात्र कधीही ठेवू नये; त्याचा काळा डाग सहजासहजी जात नाही.