सोसायटीच्या सभेत सात मिनिटांत विषय मांडताना

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे आहेत आणि सभेत सात मिनिटं मिळाली आहेत, असं धरू. तयारी पाच मिनिटांचीच करा. उरलेली दोन मिनिटं प्रोजेक्टर जुळवण्यात आणि मधल्या प्रश्नांत जातातच. पाच मिनिटं म्हणजे सावकाश बोललेले साधारण ५०० ते ५५० शब्द. लिहून, घड्याळ लावून, मोठ्याने वाचा. मनात वाचलं की वेळ हमखास कमी वाटते.

सुरुवात कंपनीच्या ओळखीने नको. पहिल्या स्लाइडवर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं मागच्या महिन्याचं महावितरणचं बिल दाखवा, फक्त आकडा, पडदाभर. तो वाचून होईपर्यंत तीन-चार सेकंद गप्प राहा. ही शांतता बोलणाऱ्याला फार लांब वाटते, म्हणून बहुतेक जण ती घाईने भरून टाकतात आणि आकडा वाया जातो.

मग एकच हिशेब: १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, आपल्याला किती लागतात? बाकी तक्ते छापून शेवटी वाटा. आधी वाटले तर माना कागदात जातात, तुमच्याकडे कोणी बघत नाही.

स्लाइड पाच-सहा, अक्षर ३० पॉइंटच्या खाली नको; मागच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी असतात. फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्टचे चौकोन होतात.

शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ची नको. तिथे ठराव लिहा, म्हणजे चर्चा चालू असताना तोच सगळ्यांसमोर राहतो.