पऱ्हाटी पेटवू नका, धुऱ्यावर रचूनही ठेवू नका

सावनेर, काटोल, हिंगण्याकडे कापसाचं वावर आता मोकळं होत आलं आहे. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून आणखी कापूस घेण्याचा मोह टाळा. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, लगेच उपटा. गुलाबी बोंडअळी उरलेल्या किडक्या बोंडांत आणि कवड्यांत (नीट न उमललेल्या बोंडांत) सुप्तावस्थेत पडून राहते, आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची गंजी म्हणजे पुढच्या हंगामासाठी तिला दिलेलं घरच.

या पऱ्हाटीपासून प्लास्टिक होतं, असं हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पऱ्हाटीत सेल्युलोज भरपूर असतं. त्याची साखर करायची, साखरेचं लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए नावाचं प्लास्टिक, हा मार्ग माहितीतला आहे. अडतं ते लिग्निनपाशी. पऱ्हाटीला लाकडासारखा टणकपणा देणारा हा घटक जवळपास पाव हिस्सा असतो आणि तो सेल्युलोजला सोडत नाही. तो वेगळा करण्याचा खर्च मोठा, म्हणून बाजारातलं पीएलए आजही मुख्यतः मका आणि उसाच्या साखरेपासून बनतं. तेव्हा ‘प्लास्टिकवाले येऊन घेऊन जातील’ या भरवशावर गंजी राखू नका.

आज गिऱ्हाईक आहे ते पेलेट, ब्रिकेट (चुरा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या आणि विटा) आणि पार्टिकल बोर्ड (चुऱ्याच्या फळ्या) करणाऱ्यांचं. 2021 च्या केंद्राच्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही टक्के बायोमास, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याचं जळण, मिसळणं बंधनकारक केलं, आणि कोराडी, खापरखेडा, मौदा ही वीज केंद्रं आपल्या नागपूर जिल्ह्यातच आहेत. पऱ्हाटीपासून बोर्ड करण्याचं तंत्र केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केलं आहे. संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे, तिथे चौकशी करा.

एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. पण अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर ट्रॉली दिसायला भरते, काट्यावर मात्र वजन भरत नाही आणि भाडं अंगावर पडतं. म्हणून चार-पाच जणांनी मिळून श्रेडर भाड्याने आणा आणि वावरातच चुरा करा. यात बोंडांतल्या अळ्याही बऱ्याच मरतात. ओलसर जमिनीत पऱ्हाटी उपटायच्या चिमट्याने उपटलं तर मूळ सहज निघतं. फक्त मुळाची माती तिथेच झटका, नाहीतर श्रेडरची पाती बोथट होतात आणि घेणारा वजनात कापतो. उन्हात पसरून वाळवा. फांदी वाकवली की कट्कन तुटली पाहिजे. सौदा करताना दर टनाचा की क्विंटलचा, ओलाव्याची कपात किती, भाडं कोणाचं, हे आधी लिहून घ्या.

जमीन हलकी, मुरमाड असेल आणि दर फुटकळ मिळत असेल, तर माझं मत विचाराल तर विकू नका. चुऱ्यात शेणकाला आणि थोडा युरिया मिसळून खड्ड्यात कुजवा. ओल टिकवा, अधूनमधून उलथापालथ करा. धिंगरी अळिंबीसाठीही हा चुरा चालतो.

भाजीपाल्यासाठी ‘विघटनशील’ मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक) घेणाऱ्यांनी जपून. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं पीएलए कुजतं ते कंपोस्ट कारखान्यात, साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. वावरात ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. जमिनीत कुजण्याची चाचणी झाली आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर साधा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर घ्या आणि पीक निघाल्यावर गोळा करा.